कवळीकाकांचे गुडघे

आम्ही चौघं एका मागच्या खोलीत बसून दात बनवायचो. दातांच्या डॉक्टरांकडून माणसांच्या हिरड्यांचे साचे यायचे, त्यावरून आम्ही कवळ्या करून परत पाठवायचो. माझी खुर्ची खिडकीपाशी आणि शेजारची कवळीकाकांची. कवळ्या सगळेच करत होतो, पण कवळीकाका हे नाव त्यांना एकट्यालाच चिकटलं, कारण तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. ते पेशंटचा तरुणपणीचा फोटो मागवून घ्यायचे, भिंगातून बघायचे आणि मेणात दात बसवताना एखादा मुद्दाम जरासा वाकडा लावायचे. "सगळे सरळ लावले तर घरचे ओळखणार नाहीत," म्हणायचे. मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं.

खोलीबाहेर मात्र या माणसाला कसलाच उत्साह नव्हता. दोन थांब्यांवर जायचं असलं तरी अर्धा तास बसची वाट बघत उभे राहायचे. रविवारी आरामखुर्ची, रेडिओवर सामन्याचं वर्णन आणि पायावर चादर. एकुलती एक मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. ती फोनवर म्हणायची, "बाबा, जरा हिंडा-फिरा." ते म्हणायचे, "हो हो," आणि रेडिओचा आवाज वाढवायचे.

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर होत्या. निवृत्त व्हायला महिना उरला असताना त्यांनी तिथल्या फळ्यावर एक कागद पाहिला. डोंगर चढायला शिका, अनुभवाची गरज नाही, दर रविवारी सकाळी सहा वाजता. खाली एका शाळेत कवायत शिकवणाऱ्या बाईंचा नंबर. काकूंनी तिथल्या तिथे फोन लावला. पहिल्या रविवारी त्या साध्या चपला घालून गेल्या आणि बाईंनी त्यांना पहिल्याच चढावरून परत पाठवलं. दुसऱ्या रविवारी बूट घेऊन गेल्या.

दर शनिवारी संध्याकाळी पिशवी भरताना त्या विचारायच्या, "अहो, येता का उद्या?"

"पुढच्या रविवारी बघू."

हे चौदा महिने चाललं. काकू दुपारी परत यायच्या, तोंड उन्हानं लाल झालेलं असायचं, आणि चहा पिता पिता सांगायला लागायच्या. कुठली वाट, कुठे घसरल्या, कोण दमलं. काकांचा एक कान रेडिओकडे. सुरुवातीला फोनमधले फोटोही दाखवायच्या. पुढे पुढे त्यांनी दाखवणं बंद केलं. काकांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, मेण वितळवता वितळवता, माझ्याकडे न बघता.

एका बुधवारी सकाळी काकू स्वयंपाकघरात खाली कोसळल्या. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. दवाखान्यात दोन दिवस होत्या, शुद्धीवर आल्याच नाहीत. काका कामावर परत आले ते दहाव्या दिवशी. खुर्चीवर बसले, दिवा लावला आणि संध्याकाळपर्यंत कवळीतला एकच दात घासत राहिले. घासून घासून त्याचा तांदूळ झाला. मी हळूच नवा दात पुढे ठेवला.

चार महिने असेच गेले. मग एक दिवस दुपारी डबा खाताना त्यांनी मला विचारलं, "काय गं, माझे गुडघे कसे आहेत?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. "तुमच्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

"तेच तर," ते म्हणाले. "काल त्या कवायतीच्या बाईंचा फोन आला होता. हिच्या आठवणीत एक सोपी वाट ठरवली आहे, तुम्हीही या, म्हणाल्या. आणि म्हणाल्या, तुमच्या गुडघ्यांची काळजी करू नका, आम्ही सांभाळून नेऊ. हिनं सगळ्यांना सांगून ठेवलंय की मला डोंगराची फार हौस, पण गुडघ्यांनी हात टेकलेत."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"येतो म्हणालो." डब्याचं झाकण लावत पुढे म्हणाले, "तिला खोटं कसं पाडू?"

बाईंनी त्यांना काय काय आणायचं ते कळवलं होतं. बूट आठवडाभर घरात घालून सैल करा, पायाची नखं कापा, पाणी जास्त घ्या, सामान कमी. काकांनी बूट शुक्रवारी घेतले, रविवारी घातले आणि पिशवीत छत्री, बॅटरी, स्वेटर, टॉवेल आणि एक किलो संत्री भरली. पायथ्याशी पोचले तेव्हा सात-आठ माणसं त्यांची वाट बघत उभी होती. बाईंनी त्यांच्या हातात दोन काठ्या दिल्या. एका पोस्टमननं काही न विचारता त्यांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. "काकूंची माणसं ती आमची माणसं," तो म्हणाला.

मग काका लंगडत डोंगर चढू लागले.

आधी डाव्या पायानं लंगडत होते. अर्ध्या तासानं नव्या बुटानं उजव्या टाचेला फोड आला आणि खरंच दुखायला लागलं, तेव्हा त्यांना कळेना आता कोणता पाय ओढायचा. हे सांगताना ते हसले होते. काकू गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होते. बाई सारख्या मागे वळून म्हणायच्या, "पावलं लहान टाका. चालताना बोलता येत नसेल तर समजा घाई होतेय." काका म्हणाले, मला बोलता येत होतं, पण काय बोलू?

बोलत बाकीचेच होते. वाटेत एका झाडापाशी पोस्टमन थांबला. "हे झाड आठवतं का, काका? तुम्हीच विचारलं होतं ना याचं नाव?"

काकांनी वर झाडाकडे बघितलं.

"काकू घरी फोटो दाखवायच्या ना तुम्हाला, आणि पुढच्या रविवारी तुमचे प्रश्न घेऊन यायच्या. ह्यांनी विचारलंय या झाडाचं नाव काय. ह्यांनी विचारलंय हा ओढा कुठे जातो. आम्हाला कुणालाच माहीत नसायचं. तुमच्यापायी आम्ही पुस्तकं चाळायला लागलो."

बाई हसून म्हणाल्या, "मी तर म्हणायचे, घरी बसलेला माणूस आपल्यापेक्षा जास्त डोंगर बघतोय."

काकांनी एकही प्रश्न विचारलेला नव्हता. चौदा महिन्यांत एकसुद्धा नाही. काकूंनी आपल्या मनानं एक नवरा तयार केला होता, ज्याला ऐकायची हौस होती, आणि त्याचे प्रश्न त्या दर रविवारी वर घेऊन जायच्या. काका मला म्हणाले, "मी तिथे उभा होतो आणि मला त्या माणसाचा हेवा वाटत होता."

घरी येऊन त्यांनी काकूंचा फोन चालू केला. सहाशेच्या वर फोटो होते. दगड, पानं, मुंग्यांची रांग, कुणाच्या तरी बुटाची सुटलेली नाडी. काकू स्वतः एकाही फोटोत नव्हत्या.

ते पुढच्या रविवारी परत गेले. त्याच्या पुढच्याही. टाचेवरचा फोड बरा झाला, बूट पायाला बसले, पिशवीतली छत्री घरी राहिली. सरळ उभ्या चढावर आडवं आडवं कसं जायचं, थोडं थोडं पाणी कसं प्यायचं, हे सगळं शिकले. फक्त लंगडणं सुटलं नाही. आता ते डाव्या पायावर कायम झालं होतं. पिशवी पोस्टमनच उचलायचा. मी सोमवारी म्हणायचे, "काका, सांगून टाका आता." ते म्हणायचे, "सांगितलं तर ती खोटारडी ठरते आणि मी आळशी. मी ठरलो तर चालेल."

पाचव्या रविवारी एक नवीन बाई आल्या. कपडे शिवायचं काम करायच्या, वय पंचावन्नच्या आसपास, जाडसर बांधा, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. कवायतीच्या बाईंनीच त्यांना बोलावलं होतं. "आमच्याकडे एक काका आहेत, त्यांचे गुडघे तुमच्याहून वाईट, तरी येतात," असं सांगून. शिवणवाल्या बाई काकांच्या मागेमागे चढल्या. मध्येच पायरीसारख्या दगडावर बसायच्या, घाम पुसायच्या, उठायच्या. तक्रार नाही.

पठारावर सगळे टेकले. पाव आणि उकडलेली अंडी निघाली. शिवणवाल्या बाई सरकत सरकत काकांजवळ आल्या.

"भाऊ, एक विचारू? मगाशी मधल्या उतारावर बघितलं मी. तुम्ही उतरताना अजिबात लंगडला नाहीत. माझा तर उतरताना जीव जातो, चढताना एवढं नाही. तुम्ही कोणतं औषध घेता?"

त्यांनी खोचक विचारलेलं नव्हतं. त्यांना खरोखरच औषधाचं नाव हवं होतं. पिशवीतून कागद-पेन्सिलही काढली होती.

काका मला नंतर म्हणाले, "नुसतं नाव हवं होतं गं त्यांना, आणि मला एक नाव खोटं सांगता येईना."

ते उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझे गुडघे ठणठणीत आहेत. पहिल्यापासून. मी आळसानं आलो नाही कधी. तिनं माझी लाज राखायला तुम्हाला तसं सांगितलं. मी एकही प्रश्न विचारलेला नाही. ते सगळे तिचेच होते."

 मग पोस्टमननं काकांची पिशवी खांद्यावरून उतरवली, त्यांच्या पायाशी ठेवली आणि एकटाच पुढे चालायला लागला. शिवणवाल्या बाईंनी कागद घडी करून ठेवला. "मी इथूनच परत जाते," त्या म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर आले होते."

एकटीला कसं सोडायचं, म्हणून काका त्यांच्याबरोबर उतरले. दीड तासाच्या वाटेला साडेतीन तास लागले. दर उतारावर काका एक पायरी खाली उभे राहून खांदा पुढे करायचे आणि त्या त्यावर हात टेकून उतरायच्या.  अर्ध्या वाटेत शिवणवाल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या बायकोचा राग होता का हो तुमच्यावर?"

"माहीत नाही," काका म्हणाले. "विचारलं नाही."

"सुखात होत्या?"

"तेही विचारलं नाही."

रस्त्याला लागल्यावर शिवणवाल्या बाई बसमध्ये बसल्या. त्या परत कधी आल्या नाहीत. काकांनी एकदा फोन केला होता. त्या नीट बोलल्या, पण पुन्हा करू नका म्हणाल्या.

कवायतीच्या बाईंनी काकांना गटातून काढलं नाही. "तिनं जे सांगितलं ते तिचं आणि तिच्याबरोबर गेलं. तुम्ही चालायला या," एवढंच म्हणाल्या. पोस्टमन मात्र दोन महिने एक शब्द बोलला नाही. काका सगळ्यांत मागे चालायचे, जो कुणी रेंगाळेल त्याच्यासोबत. काकूंची जागाही तीच असायची, असं त्यांना फार उशिरा कुणीतरी सांगितलं.

थंडी सरता सरता ते पहिल्यांदा मोठ्या डोंगराच्या माथ्यावर पोचले. वर काही नव्हतं, सिमेंटचा एक खांब आणि नुसतं वारं. बाकीचे फोटो काढायला लागले. काका कडेला उभे राहून खाली शहराकडे बघत होते. पोस्टमन शेजारी येऊन उभा राहिला.

"घर शोधताय?"

"हो."

"ती पाण्याची टाकी दिसते का, पांढरी? तिच्या डावीकडे लाल छपरं. त्यातलं तिसरं. मी टपाल टाकतो ना तिथे." त्यानं काकांचा हात धरून बोट त्या दिशेला केलं. "दिसलं?"

"दिसलं," काका म्हणाले.

सोमवारी कामावर आल्यावर त्यांनी मला सांगितलं की दिसलं काहीच नव्हतं. डोळे भरून आले होते, नुसतं पांढरं आणि लाल कालवलेलं दिसत होतं. पण तो इतक्या मनापासून दाखवत होता, आणि अजून त्यानं हात सोडला नव्हता.