कोरडी भिंत

आमचं आणि शेजारच्या शरदरावांचं घर पणजोबांच्या काळी एकाच गवंड्याने बांधलेलं. दोन्ही तळघरांत ओलही सारखीच यायची, आणि तिच्याबद्दल कुरकुरण्यावरच आमचा शेजार टिकला होता. यंदा त्यांनी भिंती खरवडून चुन्याचा नवा गिलावा करून घेतला.

“हात लावून बघा ना भाऊजी,” त्यांच्या पत्नी, मालतीवहिनी, कौतुकाने म्हणाल्या.

मी तळवा टेकवला. कुठेतरी ओल लागावी, निदान बोटभर तरी, असं अगदी मनापासून वाटत होतं. दुसऱ्याच्या घरातलं कोरडेपण इतकं बोचतं, हे मला ठाऊक नव्हतं. हात काढला, तर भिंतीवर ओलसर ठसा. मी मनातून सुखावलो.

बघता बघता ठसा सुकून गेला. ओल माझ्याच हाताची होती.