निडीपर्यंत रडून घ्या

परदेशातून परत आलेल्या फौजी माणसाला गाडीतून उतरवून घेण्याची विद्या अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकाच माणसाला येते आणि तो माणूस माझा मामेसासरा आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. आपण बाकीचे काय करतो? हार घालतो, फोटो काढतो आणि ‘तिकडे थंडी होती का हो?’ असं काहीतरी विचारून मोकळे होतो. मामांचं तसं नाही. माणूस रोह्याला उतरतो तेव्हा अर्धा तिकडेच राहिलेला असतो आणि तो उरलेला अर्धा पेणपर्यंत गोळा करून आणायचा असतो, असं त्यांचं ठाम मत आहे. हे काम ते इतकी वर्षं बिनपगारी करताहेत.

माझ्या बायकोचे हे सख्खे मामा वडखळजवळच्या एका खाडीकाठच्या गावात राहतात. फौजेतलं शेवटचं वर्ष त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीवाल्या शांतिसेनेतून आफ्रिकेत काढलं, आणि ते वर्ष त्यांच्या अंगातून अजून उतरलेलं नाही. घराचं फाटक निळं, सायकल निळी, छत्री निळी. स्कूटर मात्र पांढरीशुभ्र, कारण ‘तिकडच्या गाड्या पांढऱ्या’. पोस्टमन, म्हैस, सरपंच, समोर जो येईल त्याला ‘जांबो!’ म्हणून ओरडणार. तिकडच्या भाषेत ते रामराम. सुरुवातीला गाव दचकलं, आता म्हैससुद्धा मान वर करते. कोणी विचारलं, ‘मामा, गोळ्या किती झाडल्या?’ की छाती फुगवून सांगणार, ‘एक पण नाय! आम्ही मध्ये उभं ऱ्हायलो.’ ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मामांचा फुलतो.

हे मध्ये उभं राहणं म्हणजे काय, ते एकदा गावाने डोळ्यांनी पाहिलं. वालाच्या मळ्याच्या कुंपणावरून दोन भावांची जुंपली होती, कोयते निघायचे बाकी होते. मामांनी प्लास्टिकची खुर्ची नेली, बरोबर कुंपणाच्या रेषेवर मांडली, निळी छत्री उघडली आणि बसले. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं! सकाळी बसले ते दिवेलागणीला उठले, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आता पाहुणा दारात बसलाय म्हटल्यावर थोरल्या जावेने चहा पाठवला. थोरलीने चहा पाठवला म्हणून धाकटीने कांदाभजी पाठवली. भजी गेली म्हणून थोरलीकडून घावने आले. तिसऱ्या दिवशी दोघं भाऊ हातात हात घालून आले आणि म्हणाले, ‘मामा, पाया पडतो, उठा आता, आमचं मिटलं.’ मामा जड अंगाने उठले आणि मला म्हणाले, ‘बघा जावईबापू, एक गोळी नाय.’

पण त्यांचा खरा पराक्रम रोहा स्टेशनवरचा. मी रोह्याला कंपनीत कामाला, घर स्टेशनजवळ, त्यामुळे या पराक्रमाचा मी जवळचा साक्षीदार आहे. दिल्लीकडून येणारी मोठी गाडी पनवेलला थांबते आणि मग थेट रोह्याला. मधलं पेण खाऊन टाकते. शहाणा माणूस पनवेलला उतरून एसटी धरेल आणि तासाभरात घरी पोचेल. पण आमच्या भागातल्या पोरांच्या प्रवासाच्या कागदावर फौजेतला कारकून ‘रोहा’ लिहितो, आणि फौजी माणूस कागदावर रोहा असेल तर पनवेलला पाय खाली ठेवील? छे! तो आपलं घर, आपली खाडी, आपली शेतं खिडकीतून पळताना बघत बघत रोह्याला जाणार, आणि तिथून दिवा स्टेशनाकडे जाणाऱ्या पॅसेंजरने उलटा पेणला येणार.

त्या उलट्या प्रवासासाठी मामा हजर असतात. कुणाचं पोर येतंय कळलं की कडक इस्त्री, छातीवर पदकं, हातात डबा. डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. ‘तिकडं सगळं मिळतं, बिरडं नाय मिळत.’ पोरगं गाडीतून उतरलं की ‘जांबो!’ मग ते लेबनॉनहून आलेलं असो की नुसतं काश्मीरहून. बाकावर बसवून आधी जेवायला घालणार आणि परतीच्या गाडीत बसलं की हुकूम सुटणार: ‘निडीपर्यंत रडून घ्या. कोण बघत नाय. नागोठण्याला तोंड धुवायचं. कासूला केस विंचरायचे. पेणला हसत उतरायचं, आईस उभी हाय!’ मी एकदा त्या गाडीत होतो. सहा फुटी धिप्पाड गडी, मिशा अशा पिळलेल्या, आणि रोहा सुटल्याबरोबर ओंजळीत तोंड घालून ढसाढसा रडला हो. मामा खिडकीबाहेर बघत बसले. निडी स्टेशन आल्यावर म्हणाले, ‘बास.’ आणि तो खरंच थांबला!

हे सगळं सुचलं कुठून? तर मामा स्वतः परत आले त्या दिवसातून. एकवीस वर्षं झाली. गाडीचं नाव त्यांनी फोनवर कळवलं होतं, पण ती पेणला थांबत नाही हे ना यांना ठाऊक, ना घरच्यांना. सगळं गाव बेंजो घेऊन पेणच्या फलाटावर. मामी हिरव्या साडीत, सहा वर्षांची लेक तिच्या कडेवर. मामा दारात उभे, पेण येतंय म्हणून ट्रंक पुढे ओढलेली. आणि गाडी थांबेचना! बेंजो, हार, मामी, लेक, सगळं डोळ्यांसमोरून सर्रकन गेलं. आपण आलोय हे कळावं म्हणून मामांनी डोक्यावरची निळी टोपी काढून फलाटाकडे भिरकावली. तीही वाऱ्याने पलीकडच्या खाचरात नेली. पुढे ती एका मिठागरवाल्या आजोबांना सापडली, त्यांनी ती वर्षानुवर्षं मिठागरात वापरली. मामांनी ओळखली, पण परत मागितली नाही. म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे, ड्यूटीवर हाय टोपी.’

रोह्याला एकटे उतरून, ट्रंक घेऊन ते संध्याकाळी घरी पोचले. ‘गडी काय आला नाय’ म्हणून गाव केव्हाच पांगलं होतं आणि स्वागताचं जेवण बेंजोवाल्यांनी फस्त केलं होतं. दारात उभं राहून मामा पहिलं वाक्य बोलले ते मामीला: ‘माझ्याकडं बघितलंस पण नाय गो. हात पण नाय केलास.’ मामी म्हणाली, ‘गाडी पळत व्हती, काय दिसतंय त्यात! कायतरी निळं गेलं, मी म्हटलं खंड्या उडाला असंल.’ झालं! नवरा एक वर्षाने परदेशातून आला आणि बायकोला तो खाडीवरचा पक्षी वाटला. या एका गोष्टीवरून एकवीस वर्षं भांडण. आमटीत मीठ कमी पडलं तरी गाडी तिथेच येणार: ‘तुला नवरा दिसत नाय, मीठ काय दिसणार!’ आम्ही हसायचो. पण हसता हसता मला कळायचं, ते मनाला लागलेलं आहे. ज्या माणसाने दोन गावं, दोन भाऊ, दोन टोळ्या समजावल्या, त्याला एवढी एक गोष्ट कधी पटली नाही, की बायकोने खरंच बघितलं होतं.

आता यंदाची गोष्ट. ती कडेवरची लेक लष्करात नर्स झाली आणि शांतिसेनेच्याच दवाखान्यात एक वर्ष आफ्रिकेत राहून आली. आता मोबाइलवर सगळं कळतं, कुठली गाडी कुठे थांबते तेही. तरी तिने तिकीट काढलं रोह्याचं. ‘बाबांच्या स्टेशनावर उतरायचंय मला,’ म्हणाली. अहो, आमच्या घरात तर दिवाळीच! बिरडं भिजत पडलं, पदकं घासून झाली. आणि आदल्या दिवशी मामांचा मला फोन. आवाज चोरटा. ‘जावईबापू, रोह्याला तुम्ही जा. डबा पाठवतो. मी पेणला थांबणार.’

‘अहो मामा, ती तुमच्यासाठी रोह्याला येतेय!’

‘व्हय. पण मला एकदा फलाटावरनं बघायचं हाय.’

मग काय, डबा घेऊन मी रोह्याला उभा. गाडी आली, लेक उतरली, हातात निळी टोपी घट्ट धरलेली. मी घसा खाकरून ‘जांबो’ म्हणालो, ते फारच वाईट झालं. ती हसली. म्हणाली, ‘बाबा पेणला होते. दिसले मला. दारातून टोपी हलवली मी, किती हाका मारल्या! डोळे फाडून बघत होते, पण माझ्याकडे नाही हो, पुढच्याच डब्याकडे.’ बाकावर बसून तिने बिरडं खाल्लं, भांडं पुसून खाल्लं. परतीच्या गाडीत बसलो आणि आता हुकूम मी द्यायचा की काय, या विचाराने मला घाम फुटला. तीच म्हणाली, ‘निडीपर्यंत ना?’ मी खिडकीबाहेर बघत बसलो.

पेणला ती हसत उतरली. बेंजो सुरू झाला, गाव पुढे धावलं, हार पडले. मामांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, ट्रंक उचलायला वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले आणि मामीकडे वळले. एवढ्या बेंजोतही मला ऐकू आलं.

‘काय दिसत नाय गो हितनं,’ मामा म्हणाले. ‘कायतरी निळं गेलं. मला वाटलं खंड्या.’

मामी पुढे आली. पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्यांचे.