माळवदावरचं पाणी

सोलापूरच्या उन्हाला सगळेच शिव्या देतात. माझे सासरे मात्र त्याच्याशी मुद्दाम भांडण उकरून काढायचे. तंत्रशाळेतून निवृत्त झालेला हा माणूस भर चैत्रात, डोक्यावर छत्री धरून, दुपारचा घराच्या माळवदावर, त्या सपाट मातीच्या छतावर, बसायचा आणि मातीत थर्मामीटर खुपसून बघायचा. गल्लीनं त्यांचं नाव ऊनअप्पा ठेवलं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, आपण वेड्यांच्या घरात पडलो.

हे वेड त्यांना अव्वांपायी लागलं होतं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. अर्धांगवायूनं त्या मधल्या खोलीत खाटेवर पडून असत. पंख्याचा वारासुद्धा भट्टीसमोर बसल्यासारखा लागे, आणि आणखी एक असा उन्हाळा त्यांना सोसणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अप्पा म्हणाले, "ऊन वाईट न्हाय. आपण त्याला नको त्या वेळी घरात घेतो की."

मग त्यांनी त्या खोलीवरच्या माळवदावर डांबरी कागद अंथरला, त्यावर पाणी भरलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या मांडल्या आणि वर भुसा भरलेली लाकडी झाकणं बसवली. उन्हाळ्यात दिवसा झाकण, रात्री उघडं. उघड्या आभाळाखाली पाणी निवायचं आणि दिवसा खोलीतला उकाडा ओढून घ्यायचं. थंडीत याच्या उलट. खोली खरंच गार झाली. अव्वांना दुपारची झोप लागू लागली. शेजारणी सुपं घेऊन निवडणटिपण करायला तिथंच येऊन बसायच्या, आणि अप्पा उगाच आत-बाहेर करत आपलं कौतुक ऐकायचे.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे आमचं छत कधी गळलं नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर ते स्वतः चोपून बसवायचे. "एक साल चुकवलं न्हाय," असं सांगायचे. त्यातली गोम तेव्हा कुणालाच कळली नाही.

अव्वांना छताकडे बघण्यावाचून दुसरं काम नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या जड जिभेनं म्हणाल्या, "अहो, तुळई वाकलीया बघा."

अप्पा हसले. "पाण्याचं वजन धरूनच केलंय सगळं. तुला भास होतोय."

मग अव्वांच्या पांघरुणावर माती पडू लागली. मी रोज झटकायची, अप्पांना दाखवायची. "उंदीर असतील की," ते म्हणायचे. अव्वांना भरवताना माझं लक्ष घासावर नसायचं.

एका दुपारी त्या खोलीचं दार चौकटीत अडकलं. धक्के मारून उघडलं. अप्पांनी वर पाहिलं आणि ते पांढरेफटक पडले. "माती," ते म्हणाले. "पाणी हिशोबात धरलं, तुळई धरली. दर सालची माती धरलीच न्हाय की मी."

आम्ही दोघांनी अव्वांना खाटेसकट अंगणात काढलं. ते शिडीकडे वळले. मी ओरडले, "मामंजी, राहू द्या! पडली खोली तर पडू द्या!"

"पिशव्या फोडतो. न्हाईतर ही उन्हाळा कुटं काढंल?" एवढं बोलून ते चढलेच.

पन्हळीतून पाणी धो धो आलं. त्याच्या मागोमाग सगळं छत अप्पांना घेऊन आत बसलं.

लोकांनी अप्पांचा देह काढायला ढिगारा उपसला तेव्हा माती थराथरानं निघत होती, आणि प्रत्येक थर त्यांच्याच हातचा होता. मला त्यांचा संताप आला होता आणि रडू आवरत नव्हतं. अंगणातल्या कडुनिंबाखालून अव्वांनी चांगला हात पुढं केला. काय हवंय ते न कळून मी त्या मातीचं एक ढेकूळ त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते गालाला लावलं.

"गार हाय," त्या म्हणाल्या.