सात वर्षांच्या मुलीचं बारसं

माघातला रविवार. हजर: मी, यजमान सुधीर, आमची अकरा वर्षांची ओवी आणि एकटीने दत्तक मुलगा वाढवणारी मैत्रीण शैलजा. तिचे चिरंजीव क्रिकेटपायी गैरहजर.

आटगाव स्टेशनाबाहेर रिक्षा ठरवली. किन्हवलीजवळच्या पाड्यावर (छोट्या वस्तीवर) भारती आणि जनार्दन यांच्याकडे बारसं होतं. त्यांची ओळख दत्तक पालकांच्या मेळाव्यातली. बाळ किती महिन्यांचं, असं रिक्षावाल्याने विचारलं. सात वर्षांचं, शैलजा म्हणाली.

"मग पाळना नाय गो ताई, झोपाळा बांधा."

माहुलीचे सुळके मागे पडले. कापलेल्या भातखाचरांत वालाचे हिरवे तुकडे दिसू लागले. एका खड्ड्यात डबा उलटून डिंकाच्या निम्म्या लाडवांचा भुगा झाला.

पोचताच भारतीने मला चुलीमागे ओढलं. त्यांची लेक मंजुळा अनाथ मुलांच्या संस्थेतून आली आणि तिने सगळं नवं आपलं मानलं: घर, शाळा, शेळ्या, आई-बाबासुद्धा. मागितलं एकच, नाव माझंच राहू दे. भारतीने शब्द दिला होता. पण नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि मुरबाडच्या कुसुमआत्या ‘आराध्या’ ठरवून आल्या होत्या. नव्या घरी नवं नाव, असं त्यांचं म्हणणं.

"नणंदेला दुखवू का लेकीला? तुमीच सांगा."

माझ्याकडे प्रत्येक कामाची यादी असते. त्यातलं पुढचं काम, म्हणजे लाडवांचा भुगा ताटात काढणं, मी उरकून टाकलं.

पाळण्यात रिवाजाप्रमाणे टोपडं घातलेला वरवंटा निजवला. मंजुळा शेजारी पाटावर बसली, हात घट्ट आवळून. आत्या तिच्या कानाशी वाकल्या. बायका त्यांच्या पाठीत बुक्क्या घालायला सरसावल्या. तेवढ्यात मंजुळेने आत्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि स्वतःच त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.

आत्या सरळ झाल्या. भारतीने माझं मनगट धरलं.

"मंजुळा," आत्या मोठ्याने म्हणाल्या. "माझ्या भावाची लेक, मंजुळा."

"वन्सं, दुसरं ठरलं व्हतं ना?" कोणीतरी टोचलं.

"ठरलं व्हतं. आता नाय. बुक्क्या घाला, हात दुखतात का तुमचे?"

मग त्यांच्या पाठीचं काही खरं नव्हतं. जनार्दन गड जिंकल्यासारखा घुगऱ्या (उकडलेले हरभरे) वाटत फिरत होता. आम्हीही ताठ मानेने जेवलो: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि लाडवांचा भुगा.

परतताना आत्या आमच्याबरोबर भाड्याच्या जीपमध्ये होत्या. वारलेल्या दिराची दोन मुलं त्यांनी वाढवली होती. मी दत्तकाच्या कागदपत्रांचं विचारलं.

"कागद कुठला? दिराची म्हणून आणली, माझी म्हणून लग्नं लावली. थोरल्याने घर बांधलं, पाटीवर माझं नाव घातलं. बघून जा."

मुरबाडला वाट वाकडी करून ती पाटी पाहिली. आत्यांनी पदराने ती पुसूनही दाखवली.

कल्याणच्या बसमध्ये ओवीने विचारलं, माझ्या कानात नाव कोणी सांगितलं? मीच, म्हटलं. तुझी आत्या आली नव्हती. दत्तक मूल तिला पसंत नव्हतं.

ओवी माझ्याकडे वळली.

"मग आता बोलाव तिला. मी सांगते तिच्या कानात."

आज बुधवार. कपडे धुऊन झाले, डबा घासला, भारतीला फोटो पाठवले. नणंदेला फोन करायचा राहिला आहे.