शॉमबर्गच्या तळघरातलं क्राकूफ

आमच्या मराठी मंडळात शुभा शिराळकर म्हटलं तर कुणाला पटकन कळणार नाही. मखरवाल्या काकू म्हटलं की सगळ्यांना कळतं. सांगलीत गणपती पेठेमागच्या गल्लीत त्यांचं आणि काकांचं छोटं दुकान होतं. एरवी वह्या, पेनं, गिफ्ट पेपर. आषाढ लागला की मखरं. थर्मोकोलचा जमाना आला तरी या दोघांनी पुठ्ठा सोडला नाही, आणि पुढे थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा पेठेतली बाकीची दुकानं हबकली, यांचं काही अडलं नाही. काका गेल्यावर दुकान विकलं आणि काकू मुलाकडे, ईशानकडे, शिकागोजवळ शॉमबर्गला राहायला आल्या.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी मंडळाचं मखर अंगावर घेतलं. ऑगस्टअखेर ईशानच्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर आणि काकू आत. दार उघडं, खाली चटई, चहूकडे पुठ्ठे, जिलेटीनचे कागद, डिंकाचे हात. मी मदतीला जायचे ते कात्री द्यायला आणि चहा प्यायला.

एके दिवशी मी तिथेच होते. दोन घरं सोडून राहणारी हलिना ही ऐंशीच्या घरातली पोलिश बाई रोजच्यासारखी काठी टेकत फिरायला निघाली होती. उघड्या दारापाशी ती थांबली. मखराला तेव्हा चार खांब आणि एक घुमट झाला होता, त्यावर लाल-सोनेरी कागद चढला होता. हलिना बराच वेळ बघत राहिली, मग आत आली, घुमटावर बोट ठेवून म्हणाली, "शोप्का."

काकूंना वाटलं, ती दुकानाबद्दल विचारतेय. त्यांनी मान हलवून सांगितलं, नो शॉप, धिस फॉर गणपती. हलिना पुन्हा म्हणाली, शोप्का. काकूंनी पुन्हा सांगितलं, नो सेल. असं दोनतीनदा झाल्यावर हलिनाने काकूंचा डिंकाने माखलेला हात धरला आणि सरळ आपल्या घराकडे चालायला लागली. मीही मागोमाग गेले.

तिच्या तळघरात टेबलावर चादरीखाली काहीतरी झाकलेलं होतं. तिने चादर काढली. पुठ्ठ्याची एक इमारत होती, काकूंच्या कमरेइतकी उंच. चॉकलेटच्या कागदाच्या चांदीने मढवलेली, बारीक खिडक्या, खिडक्यांत रंगीत काचेसारखा कागद. डावीकडे उंच मनोरा. उजवीकडे काहीच नाही, नुसती पेन्सिलीच्या खुणा केलेली पाटी.

पुढे तासभर हलिना मोडक्या इंग्रजीत बोलत होती आणि मी काकूंना मराठीत सांगत होते. शोप्का म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा. पण तिच्या गावात, क्राकूफमध्ये, तो साध्या गोठ्यात मांडत नाहीत. गावातली देवळं, राजवाडा, वेशी, बुरूज सगळं एकत्र करून त्याचाच एक महाल करतात आणि बाळ त्यात ठेवतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ही कला गवंड्यांनी वाढवली. हिवाळ्यात बर्फामुळे बांधकामं बंद पडायची, हाताला काम नसायचं, मग ते पुठ्ठ्याची बांधकामं करून घरोघर दाखवत फिरायचे. तिचा नवरा तादेउष शिकागोत गवंडी होता. इथेही हिवाळ्यात काम बंदच. चाळीस वर्षं तो दर नाताळाला आपल्या चर्चसाठी एक शोप्का करत आला होता. ही शेवटची करता करता मागच्या हिवाळ्यात गेला. हलिनाचे हात थरथरायचे. तिला कात्रीही नीट धरता येत नव्हती.

काकूंनी त्या उंच मनोऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पुठ्ठा कुठे दुमडलाय, कागदाचा जोड कुठे लपवलाय ते बघितलं. मग मला मराठीत म्हणाल्या, "हिला सांग, विसर्जन झालं की येते."

आणि गेल्या. अनंत चतुर्दशीनंतर रोज दुपारी काकू हलिनाच्या तळघरात. ईशानला सुरुवातीला ते जरा विचित्र वाटलं. त्याने विचारलंही, "आई, तू चर्चचं डेकोरेशन करणार? नक्की?" काकू म्हणाल्या की सांगलीत आम्ही मोहरमच्या ताबुतासाठीही कागद कापून दिलाय, चांदीच्या कागदाला कसली जात. सून अबोलीने मात्र कामच वाटून घेतलं. तिने ऑफिसच्या किचनमध्ये खोकं ठेवलं आणि चॉकलेट खाल्लं की चांदी इथे टाका अशी चिठ्ठी लावली. आठवड्यात खोकं भरलं. घरातली चॉकलेटं खाऊन ईशानचं वजन तेवढ्यात वाढलं ही वेगळी गोष्ट.

तळघरात काकूंना क्राकूफ हळूहळू कळत गेलं, तेही वरून खाली, कळसापासून पायापर्यंत. दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या दिशेने तुटकं होतं, पण हात दाखवून भागायचं. हा वावेलचा राजवाडा, टेकडीवर, खाली विस्तुला नदी. हा तिथल्या कॅथेड्रलचा सोन्याचा घुमट, खाली राजे पुरलेले. ही फ्लोरियन वेस. आणि बाकीची तटबंदी कुठे आहे, असं काकूंनी विचारलं तेव्हा हलिना म्हणाली, पाडली, तिथे आता गावाभोवती बाग आहे, लोक बाळं फिरवतात. काकूंना हे फार आवडलं. तटाची बाग करणारं गाव शहाणं असणार, असं त्या मला म्हणाल्या.

भांडण झालं ते दुसऱ्या मनोऱ्यावरून. मधला भाग म्हणजे मारियात्स्की, तिथल्या मोठ्या चौकातलं दोन मनोऱ्यांचं विटांचं चर्च. काकूंनी डावीकडच्या मनोऱ्याचं माप घेऊन उजवीकडचा अगदी तसाच कापला, चांदी चढवली, उभा करून दाखवला. हलिनाने मान हलवली. म्हणाली, हा बुटका पाहिजे. काकू म्हणाल्या, आमच्यात दोन बाजू सारख्या नसल्या तर गिऱ्हाईक मखर परत आणतं. हलिना हसायला लागली, मग खुर्ची ओढून बसली आणि तिने गोष्ट सांगितली.

दोन भाऊ होते, दोघेही गवंडी. एकेकाला एकेक मनोरा बांधायला दिला. थोरल्याचा आधी झाला आणि उंच झाला. धाकटा सावकाश बांधत होता, पण त्याचा पाया रुंद आणि भक्कम. आपल्यापेक्षा त्याचा उंच होणार या भीतीने थोरल्याने सुरा काढला आणि भावाला मारलं. नंतर पश्चात्तापाने त्याच सुऱ्याने स्वतःला. धाकट्याचं काम होतं तिथेच थांबवून लोकांनी त्यावर टोपी बसवली. तो सुरा अजून चौकातल्या कापडबाजाराच्या कमानीत साखळीला लटकतोय.

काकू उठल्या. त्यांनी केलेला मनोरा उचलला, कात्रीने वरचा भाग कापला आणि त्यावर छोटा घुमट बसवला. दुसऱ्या दिवशी हलिना बघते तर बुटक्या मनोऱ्याला सगळ्यात चांगली चांदी, निळ्या खिडक्या, कडेला मोत्यांची माळ.

"हा धाकट्याचा ना," काकू म्हणाल्या. "मग याला जास्त सजवायचं."

हलिनाने ते तसंच राहू दिलं. तिने आणखी एक गोष्ट तशीच राहू दिली. वावेलच्या टेकडीखालच्या गुहेत एक ड्रॅगन राहायचा आणि चांभाराच्या एका पोराने गंधक भरलेली मेंढी खायला घालून त्याला मारलं, असं ऐकून काकूंनी ड्रॅगन केला. काकूंनी जन्मात ड्रॅगन केला नव्हता. मोर पुष्कळ केले होते. त्यामुळे त्या ड्रॅगनला पिसारा आला.

डिसेंबरच्या सुरुवातीला शोप्का चर्चच्या हॉलमध्ये न्यायची होती. ईशानने गाडीची मागची सीट काढली, रजया अंथरल्या. काकू शोप्केला धरून मागे बसल्या, हलिना पुढे. रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा होता. चर्चच्या पार्किंगमध्ये वळताना गाडी जराशी घसरली, ईशानने ब्रेक दाबला आणि मागे कट्कन आवाज आला.

तादेउषच्या उंच मनोऱ्याचा शेंडा मोडला होता. काकूंच्या हातात नुसतं टोक आलं. ईशान पुन्हापुन्हा सॉरी म्हणत होता. हलिना मागे वळून बघत राहिली. ती रडली नाही, पण तिने हातमोजे काढले, घातले, परत काढले. अख्ख्या शोप्केत तेवढाच एक भाग तादेउषने जवळजवळ पुरा केला होता.

काकूंनी सगळ्यांना आधी आत चला म्हटलं. हॉलमध्ये टेबलावर शोप्का ठेवली, कोट काढला आणि आपली पिशवी उघडली. सांगलीत एकही मखर टेम्पोतून धड पोचलं नव्हतं, त्यामुळे कात्री, डिंक, तार आणि जरीची लेस घेतल्याशिवाय काकू कामाला कधी बाहेर पडल्या नाहीत. त्यांनी शेंड्यातून तार घातली, खाली मनोऱ्यात उतरवली, डिंक लावून दाबून धरली. मनोरा सरळ उभा राहिला, पण मोडल्याची रेघ चांदीवर स्पष्ट दिसत होती. नवीन चांदी चढवू का, असं काकूंनी विचारलं. हलिना नको म्हणाली. चांदी त्याच्याच हातची राहू दे.

मग तिलाच आठवलं. खऱ्या मनोऱ्याच्या शेंड्याभोवती सोन्याचा मुकुट आहे. तादेउष तो सगळ्यात शेवटी घालायचा. या वेळी तिथवर पोचलाच नव्हता. तिने बोटाने हवेत गोल काढून दाखवला, आणि तो बरोबर त्या रेघेवर येत होता. काकूंनी जरीची लेस कापली, तिला कंगोरे केले आणि शेंड्याला मुकुट बांधला. गणपतीच्या मुकुटासाठी आणलेलीच लेस होती ती. हलिनाने काकूंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. काकू इतक्या लाजल्या की ईशानला हसू आवरेना.

नाताळपर्यंत शोप्का तिथे होती. आम्ही मंडळातले चारपाच जण बघायला गेलो तेव्हा काकू टेबलापाशी उभ्या राहून माहिती सांगत होत्या. एका म्हाताऱ्या पोलिश गृहस्थाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुम्ही क्राकूफच्या कुठल्या भागातल्या? काकूंनी सांगितलं, सांगली. ते जरा विचार करून म्हणाले, हं, नाव ऐकल्यासारखं वाटतंय. ड्रॅगनला पिसारा का आहे, हे मात्र कुणीच विचारलं नाही. लहान मुलांना तोच सगळ्यात आवडला.

पुढच्या वर्षी हलिनाला एकदा गावी जायचं होतं, बहुधा शेवटचं, आणि ते शोप्कांच्या दिवसांत. तिने काकूंना विचारलं. अबोलीने व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी जिवाचं रान केलं आणि स्वतःही सुट्टी टाकून बरोबर गेली. पुढचं सगळं मला तिनेच सांगितलं.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी कारागीर आपापल्या शोप्का आणून चौकातल्या मोठ्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर मांडतात. तिघी सकाळीच जाऊन उभ्या राहिल्या. थंडी होती, पण शिकागोच्या जॅकेटांपुढे तिचं काही चाललं नाही. काकूंनी आधी खरं मारियात्स्की डोळे भरून पाहिलं आणि अबोलीला म्हणाल्या की बुटका मनोरा मी जरा जास्तच बुटका केला. कमानीतला सुरा त्यांनी लांबूनच बघितला, जवळ गेल्या नाहीत.

बारा वाजता उंच मनोऱ्याच्या खिडकीतून तुतारी वाजली आणि सूर मध्येच तुटला. काकू हलिनाकडे बघायला लागल्या. हलिनाने सांगितलं, पूर्वी शत्रू चालून आला तेव्हा पहारेकऱ्याने तुतारी वाजवून गाव जागं केलं, वाजवता वाजवताच त्याच्या गळ्यात बाण घुसला. तेव्हापासून वाजवणारे त्याच सुरावर थांबतात, आणि दर तासाला वाजवतात.

"दर तासाला?" काकूंनी विचारलं.

"दिवसरात्र."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या. "गाव अजून जागं आहे."

हलिनाने काकूंच्या हातात हात अडकवला आणि दोघी पायऱ्यांकडे निघाल्या. पायऱ्यांवर प्रत्येक कारागिराशी काकूंचं बोलणं झालं. कागद कुठला, डिंक कुठला, आतून दिवा कसा. हलिना दुभाष्याचं काम करून दमली. एका कारागिराने फोनवर काकूंच्या पिसाऱ्याच्या ड्रॅगनचा फोटो बघितला, आपल्या बायकोला बोलावून दाखवला आणि काकूंना जांभळ्या चांदीची एक गुंडाळी भेट दिली.

निघायच्या आदल्या दिवशी तिघी शोप्कांच्या प्रदर्शनाला गेल्या. म्युझियममध्ये सगळ्या शोप्का काचेमागे लावल्या होत्या. अबोली आणि हलिना अर्ध्या तासात बघून बाकावर बसल्या. काकू एकीपाशी थांबल्या त्या थांबल्याच. तिचा घुमट आपोआप फिरत होता आणि तो कसा फिरतो ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी बाजूने वाकून पाहिलं, मागून पाहिलं, शेवटी सरळ जमिनीवर बसल्या आणि मान वाकडी करून खालून बघायला लागल्या. रखवालदार येऊन काहीतरी बोलला. अबोलीला वाटलं, आता आपल्याला बाहेर काढणार, म्हणून ती घाईघाईने उठली. त्याआधीच हलिनाने बसल्या जागेवरून त्याला पोलिशमध्ये सांगितलं, ही पण शोप्का करते. तो काकूंकडे बघत राहिला, निघून गेला आणि परत आला तो एक बुटकं स्टूल आणि खिशातली बॅटरी घेऊन. मग तोही काकूंच्या शेजारी उकिडवा बसला आणि घुमटाच्या खाली उजेड धरून म्हणाला, बघा, तो दोरा दिसतोय का.