दादाची वाट बघण्याचा नियम

रद्दीवाल्याकडे मिळालेलं जुनं कॉमिक दवाखान्यात दादाच्या उशाशी उघडून बसले आहे. पिवळ्या पानावर चोरांनी छोट्या साथीदाराला खुर्चीला करकचून बांधलंय, आणि मुखवटेवाला वीर काच फोडून आत झेपावतोय.

लहानपणी आम्ही हेच खेळायचो. मुखवटा कायम दादाचा. आईच्या परकराच्या नाडीनं बांधून घ्यायचं मी. साथीदारानं स्वतः गाठ सोडायची नाही, गप्प वाट बघायची, हा दादाचा नियम. आणि तो यायचाच. कधी जेवण अर्धं टाकून, पण यायचा.

आता त्याचेच हात पलंगाच्या कठड्याला बांधलेत. भ्रमात नळ्या उपसतो म्हणून.

"सोड ना गं मला."

"नाही रे दादा सोडता येत. नळ्या निघतील."

इतकी कॉमिकं वाचली आम्ही, पण मुखवटेवालाच बांधला गेला तर साथीदारानं काय करायचं, हे एकाही पानावर नव्हतं.

दादा हात ओढायचा थांबतो. "बरं," म्हणतो, आणि नियम आठवल्यासारखा गप्प दाराकडे बघत राहतो.

मी तर इथे, त्याच्या शेजारीच बसलेय.