तुरुंगाचं कंत्राट

आमच्या मुलीला शाळेच्या वादविवाद संघात जागा हवी होती. आदल्या वर्षी ती राखीव होती. राखीव म्हणजे बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. दोन्ही कामं तिनं मन लावून केली, पण एका वर्षात टाळ्यांची हौस फिटते. या वर्षी शिक्षिकेनं शाळेतल्या शाळेत एक सामना ठेवला होता. त्यात जो चांगला बोलेल त्याला संघात जागा. विषय होता : तुरुंग चालवायचं काम खासगी कंपन्यांना द्यावं की नाही. तिच्या वाट्याला ‘द्यावं’ ही बाजू आली होती.

हे तिनं जेवताना सांगितलं आणि माझा घास हातातच राहिला. अहो, काम बाहेर देणं हाच तर माझा धंदा! सिंगापूरला येऊन दहाएक वर्षं मी एका मोठ्या ऑफिसची कामं दुसऱ्या कंपन्यांना देत होतो आणि ती नीट होतात की नाही हे बघत होतो. मी नक्की काय करतो हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं. मुलीनं लहानपणी निबंधात ‘माय फादर सेंड्स ईमेल्स’ एवढंच लिहिलं होतं आणि त्याला शिक्षिकेनं बरोबरची खूण केली होती. आता पहिल्यांदाच माझ्या ज्ञानाला घरात गिऱ्हाईक मिळत होतं.

“एकदम सोपं आहे,” मी म्हणालो. “तुरुंग म्हणजे काय? राहणं, जेवण, सुरक्षा, डॉक्टर. सगळ्या सेवाच. करार नीट लिहायचा. काम वाईट झालं की दंड. फारच वाईट झालं की कंपनी बदलायची. सरकार कुणाला बदलता येतं का?”

टेबलाच्या पलीकडून आवाज आला, “वा, जावईबापू. तुरुंग म्हणजे तुम्हाला लॉज वाटला की काय?”

हे माझे सासरे. मुलीमुळे मीही त्यांना आजोबाच म्हणायचो. त्या वेळी ते आमच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटवर काही महिने राहायला आले होते. सगळी नोकरी त्यांनी महाराष्ट्रातल्या तुरुंगांत काढली आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. घरी ते नोकरीबद्दल फारसं बोलत नसत, पण तिथली एक सवय सुटली नव्हती. तुरुंगातलं जेवण बंद्यांना, म्हणजे कैद्यांना, वाढण्याआधी अधिकाऱ्यानं चाखून बघायचं असतं. त्यामुळे आमच्याकडेही आमटी पानात पडायच्या आधी आजोबा चमचाभर घेत, क्षणभर डोळे मिटत आणि “वाढा” म्हणत. माझ्या बायकोला त्यात काही वावगं वाटत नसे, ती लहानपणापासून तेच बघत आलेली. मी मात्र कितीही भूक लागली तरी हुकमाची वाट बघत बसायचो.

“बाबा, ती शिकायला विचारतेय,” बायको त्यांना म्हणाली. “भांडू नका.”

“मी कुठं भांडतोय? मी एक प्रश्न विचारतो. यांच्या धंद्यात गिऱ्हाईक कोण?”

“पैसे देतो तो,” मी म्हणालो.

“म्हणजे सरकार. मग बंदी कोण?”

आमच्या भाषेत अशा माणसाला अंतिम वापरकर्ता म्हणतात. मी तेच सांगितलं. आजोबांनी चमचा खाली ठेवला. “वापरकर्ता! त्याला आवडलं नाही तर तो दुसऱ्या तुरुंगात जाईल होय?”

मुलगी दोघांकडे बघत होती. “कॅन यू ऑल स्टॉप? मला पॉइंट्स पाहिजेत. फाइट नको.”

“मी कशाला देऊ पॉइंट्स?” आजोबा म्हणाले. “माणसाला कोंडून ठेवायचा अधिकार फक्त सरकारला. त्यावर कुणी नफा कमवायचा आणि माझ्याच नातीनं त्याची वकिली करायची?”

“आजोबा, मी नाही साइड निवडली लाह. टॉस झाला.” चिडली की तिच्या मराठीतही हे सिंगापुरी ‘लाह’ येतं.

“मग हर.”

ते चेष्टेत म्हणाले, पण ती उठून खोलीत गेली. बायकोनं आधी बापाकडे आणि मग नवऱ्याकडे एकाच नजरेनं बघितलं. अशा वेळी ती भेदभाव करत नाही.

पुढचा आठवडा मी भाषणाला वाहून घेतला. ऑफिसातून आलो की आम्ही दोघं बसायचो. जुन्या सरकारी तुरुंगांत माणसं दाटीवाटीनं कोंबलेली असतात, कंपनी नवी इमारत बांधेल. सरकारी खात्यात कुणी जबाबदार सापडत नाही, करारात सगळं लिहिलेलं असतं. सुटलेला माणूस पुन्हा गुन्हा करून परत आला नाही तर कंपनीला बक्षीस द्या, म्हणजे ती त्याला झक मारत काहीतरी शिकवेल. हा शेवटचा मुद्दा मला अजूनही वाईट वाटत नाही. आणि बंद्यांच्या हालअपेष्टांचं काय, असं कुणी विचारलंच तर त्याचं उत्तर मी स्वतः रचलं होतं : दर महिन्याला, आगाऊ कळवून, तज्ज्ञांकडून तपासणी. ‘आगाऊ कळवून’ हे मी सवयीनंच लिहिलं. आमच्याकडे तसंच करतात. आधी ईमेल जाते, तारीख ठरते, मग आपण जातो.

आजोबा सोफ्यावर पेपर धरून बसलेले असत. पान उलटलं जात नसे.

रविवारी सकाळी बायकोनं आम्हा तिघांना घराबाहेर काढलं. आम्ही खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, गेलो. मी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायला रांगेत उभा राहिलो आणि ट्रे घेऊन परत येतो तो काय, नात आजोबांना भाषण वाचून दाखवत होती. आजोबा ऐकत होते. तपासणीपाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

“हे कुणी लिहिलं?”

“बाबांनी.”

“तरीच.” मग माझ्याकडे वळून, अगदी गोडीनं, “काय हो, तुम्ही तपासणीला जाता तेव्हा काय होतं?”

मी खरं ते सांगितलं. विमानतळावर त्या कंपनीची गाडी येते. दारात फुलांचा गुच्छ. रंग नुकताच दिलेला असतो. टेबलांपाशी कामाला बसलेली मुलं हसून गुड मॉर्निंग म्हणतात. दुपारी बिर्याणी. एकदा तर माझ्या आवडीचं आइस्क्रीमही होतं. ते त्यांना कसं कळलं कोण जाणे. सांगता सांगता माझा आवाज आपोआप हळू होत गेला.

आजोबा हसले नाहीत. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी कोपीचा कप फिरवला आणि नातीकडे बघून म्हणाले, “मी पहिल्यांदा मोठ्या तुरुंगात गेलो ना, तेव्हा रोज जेवण चाखायचो. नियमच होता. स्वच्छ वाटीत आमटी यायची. दाट, फोडणी दिलेली. मी चाखायचो, वाढा म्हणायचो, वहीत सही करायचो. चांगली आमटी होती ग. मला अभिमान वाटायचा, आपल्या तुरुंगात जेवण बरं मिळतं म्हणून.”

“मग?”

“मग एकदा एका बराकीत म्हातारा बंदी आजारी होता म्हणून जेवणाच्या वेळी आत गेलो. त्याच्या ताटातली आमटी बघितली. बोट बुडवलं तर बोट दिसत होतं.” त्यांनी कप बाजूला सरकवला. “साहेबाची वाटी वेगळी निघायची. कुणी ठरवून फसवत होतं असंही नाही. साहेब चाखणार म्हणून जरा चांगलं करावं, एवढंच. माझ्या आधीच्या साहेबांनाही तसंच येत असणार.”

“पण आजोबा, दॅट वॉज गव्हर्नमेंट जेल.”

“हो.”

“म्हणजे सरकार असो, कंपनी असो, सेम?”

“सेम नाही. कंपनीला आमटी पातळ करून पैसे वाचतात. आमच्या आचाऱ्याला काय वाचत होतं, देव जाणे.” मग थोडा विचार करून म्हणाले, “तसं बघितलं तर वाचत असेलही.”

“नंतर तुम्ही काय केलं?”

“नंतर मी वाटी मागवणं बंद केलं. कुठल्याही बराकीत जायचो आणि कुणाच्याही ताटातलं चाखायचो. लोक म्हणायचे, साहेब बंद्याचं उष्टं खातो. तुझ्या आजीनं महिनाभर मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.”

मुलगी खो खो हसली. मीही हसलो आणि विषय आवरता घ्यावा म्हणून म्हणालो, “छान आहे, पण हे भाषणात नको घालूस. हा विरुद्ध बाजूचा मुद्दा झाला. ‘आगाऊ कळवून’ तेवढं खोडू या.” आम्ही ते दोन शब्द खोडून तिथं ‘अचानक’ घातलं. माझ्या दृष्टीनं प्रश्न मिटला. मीटिंगमध्येही आम्ही असेच मिटवतो.

सामना शाळेच्या छोट्या सभागृहात होता. पालकांना मागच्या रांगांत बसायची परवानगी होती. एसी इतका कडक होता की आजोबांनी मफलर गुंडाळला. मुलगी तिसरी बोलली. खूप छान बोलली. माझी वाक्यं तिच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं ईमेल पाठवण्यात घालवली. इमारत झाली, जबाबदारी झाली, बक्षीस झालं. मग विरुद्ध बाजूचा चष्मेवाला मुलगा उभा राहिला. या सामन्यांत मध्येच उठून प्रश्न विचारता येतो. त्यानं विचारलं, कंपनीच्या तुरुंगात काय चाललंय ते बाहेरच्या तपासनीसाला खरंच कळेल, याची खात्री तुम्ही कशी देता?

उत्तर तयार होतं. ‘करारात अचानक तपासणीची तरतूद आहे, धन्यवाद.’ एवढंच म्हणायचं आणि पुढं जायचं. मी मनातल्या मनात म्हटलंही.

तिनं हातातला कागद खाली ठेवला. मग इंग्रजीत म्हणाली, “खात्री देता येणार नाही. माझे आजोबा सरकारी तुरुंगाचे अधिकारी होते.” आणि तिनं वाटीची सगळी हकिगत सांगितली. बोट दिसल्याचंसुद्धा. “त्यामुळे मला वाटतं,” ती म्हणाली, “करारात लिहिलं म्हणून कळत नाही. कुणीतरी त्याच ताटातलं खायला लागतं. कंपनी असेल तर जास्तच.”

तिच्या बाजूची पहिली वक्त्री डोक्याला हात लावून बसली. चष्मेवाल्या मुलानं “थँक यू” म्हटलं आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं. माझ्या शेजारी आजोबांनी मफलर सोडवला आणि पुन्हा गुंडाळला.

निकाल लागायला वेळ लागला नाही. तिची बाजू हरली. संघाची नावं वाचली, त्यात ती नव्हती. राखीव म्हणून तिचं नाव शेवटी आलं.

ती आमच्याकडे आली ती खाली बघत. मी “पुढच्या वेळी” असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात शेजारची खुर्ची रिकामी असल्याचं लक्षात आलं. आजोबा थेट शिक्षिकेपाशी पोचले होते. ज्या माणसानं ‘मग हर’ म्हटलं होतं, तो आता सरकारी इंग्रजीत विचारत होता, “मॅडम, धिस डिसिजन, अपील लाइज टू हूम?”

शिक्षिका चिनी होत्या, वयानं लहान, फार समजूतदार. म्हणाल्या, “अंकल, तिनं खरं उत्तर दिलं. पण इथं आपली बाजू मांडायची असते. तिनं समोरच्या संघाचा सर्वांत चांगला मुद्दा त्यांच्यापेक्षा छान मांडला. शी विल लर्न.”

आजोबा परत आले. मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“शिकेल म्हणाल्या.”

“मग बरोबर आहे ना?”

“बरोबरच आहे. आपली बाजू मांडायला सगळेच शिकतात,” ते म्हणाले आणि त्या शब्दांत त्यांना काहीतरी खटकल्यासारखे तिथंच उभे राहिले.

घरी येताना बसच्या वरच्या मजल्यावर जागा मिळाली. मुलगी खिडकीशी, शेजारी आजोबा, मी मागच्या सीटवर. बराच वेळ ती बाहेर बघत होती. मधूनच नाक ओढल्याचा आवाज येई. मला वाटलं, आता म्हणेल की हे सगळं सोडते. तिनं तसं म्हटलं असतं तर मी अडवलंही नसतं. दोन वर्षं बाटल्या सांभाळायच्या म्हणजे फारच झालं.

“सॉरी आजोबा,” ती म्हणाली. “तुमची स्टोरी सगळ्यांना सांगितली.”

“त्यात काय. माझं नाव कुठं घेतलंस?”

“बाबा रागावले असतील.”

मी मागून म्हणालो, “नाही ग. मला एवढंच कळत नाही की तयार उत्तर होतं, ते का नाही दिलंस?”

तिनं मान वळवली. “द्यायचं होतं, बाबा. पण त्यानं ‘खरंच’ कळेल का असं विचारलं ना.”

मला पगार मिळतो तो या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्यासाठी, हे बसमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “आजोबा, नोकरीत असताना तुम्हाला कुणी असं विचारलं असतं तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं?”

आजोबांनी प्रामाणिकपणे विचार केला. “मी? मी सरकारी नोकर होतो. सांगितलं असतं, चौकशी चालू आहे.”

ती हसली. डोळे पुसले, पुन्हा हसली. “सो यू ऑल्सो वुड विन.”

“हो. जिंकलो असतो.” आजोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. “जिंकतच होतो.”

क्लेमेंटीचा स्टॉप आला तेव्हा तिनं मला सांगितलं की शुक्रवारी सराव आहे, घ्यायला जरा उशिरा या, राखीव असले तरी शेवटपर्यंत थांबावं लागतं.